दारातलं पाणी

पाऊस दुपारी घटकाभर उघडला म्हणून बाजारात जायला निघालो आणि गाडीचं डावं दार लावलं, तर आत पाणी डचमळलं. अर्ध्या भरलेल्या घागरीसारखं.

कुडाळच्या मेस्त्रीने दाराचं पॅड काढलं. आतला प्लास्टिकचा कागद फाटून लोंबत होता. मागे कोणीतरी स्पीकर बसवताना टरकावला असणार. मी आपलं काचेलगतचं रबर बदलू या म्हणतोय, तर तो म्हणाला, "रबर खयचाय लावा, पाणी भितर येतलाच. तेका भायर जावक वाट व्हयी."

गाडीची रचनाच तशी. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं, खालच्या भोकांतून निघून जातं आणि तो कागद त्याला माणसांकडे फिरकू देत नाही. आमची गाडी बारमाही आंब्याखाली. मोहोर, पानांचा चुरा, जांभ्याची तांबडी धूळ, सगळं काचेलगतच्या फटीतून आत. मेस्त्रीने माडाच्या केरसुणीतला एक हीर उपसला, दाराच्या खालच्या कडेला भोक चाचपलं आणि टोचला. आधी काहीच नाही. मग तांबडं पाणी भळभळलं, मागून काळा लगदा, आणि लगद्यात एक अख्खा भुंगा.

दार उघडलंच आहे, तर स्पीकरही बदलू म्हटलं. जुन्यांचे कागदी कोन ओल खाऊन भुसभुशीत झाले होते. नवे साडेसहा इंची, पॉलिप्रॉपिलीनचे घेतले. त्यांना पाण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. खोक्यावर 300 वॅट ठळक, आणि खाली बारीक अक्षरात आरएमएस 50, म्हणजे सतत झेपणारे खरे वॅट. या ठळक आकड्यांची मला मनस्वी चीड आहे. गाडीतला म्युझिक प्लेअर, म्हणजे डेक, बिचारा एका स्पीकरला 20 वॅट देता देता दमतो, हे 300 कोणाच्या घरून आणायचे? पत्र्याला आतून थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावली, भोकं मोकळी ठेवून. नवा कागद कडेने ब्युटाइल टेपने चिकटवला, मग काचेवर तांब्या तांब्या पाणी ओतून पाहिलं. खालून धार, आत कोरडं. आता दार धप्प लागतं. बायको उगाचच उघडून लावून बघते.

गाडीतलं गाणं म्हटलं की मला मामांची मारुती आठशे आठवते. मे महिन्यात कोल्हापूरहून आजोळी यायचो. दाजीपूर मागे पडून फोंडा घाटाची उतरण लागली की मामा कॅसेट बाहेर ओढायचे. गाणं कुठल्याही कडव्यात असो. "गप बसा रे, इंजिन काय बोलतंय ते ऐकू दे." आम्ही मागच्या सीटवर घामाघूम, उरलेलं कडवं मनात म्हणत, वळणं मोजत. पायथ्याला फोंडा आलं की कॅसेट पुन्हा आत, आणि गाणं जिथे तुटलं तिथूनच सुरू. त्यातल्या काही गाण्यांत आजही त्या जागी मला घाट लागतो.

परवा त्याच घाटातून उतरलो. नवे स्पीकर झकास वाजत होते, पखवाजाची थाप थेट गुडघ्याला जाणवत होती. पहिल्या वळणाला माझा हात आपसूक बटणाकडे गेला.

"बाबा, बंद का केलंस?"

"फोंडा येऊ दे."

मुलीने कानात हेडफोन घातले. घालू दे.