तुम्ही विचारलंत म्हणून: रशियन शिकायला लिओनोवच का?

माझ्या रशियनच्या प्रत्येक बॅचमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हा प्रश्न येतोच. "मॅडम, कान तयार व्हायला कुठले सिनेमे बघू?" मी म्हणते, येवगेनी लिओनोव असेल तो कुठलाही. मग कुणीतरी विचारतं, "अंतराळात चालला तोच ना?" नाही, तो अलेक्सेई. हा नट. बुटका, टकला, गोल चेहऱ्याचा, नाक बटाट्यासारखं. आठवड्याभराने तीच मंडळी जरा नाराज होऊन येतात. "मॅडम, हा माणूस तर शब्द गिळतो. अर्ध्या वाक्यात थांबतो. याच्याकडून काय शिकायचं?"

इतक्या वेळा विचारून झालंय, तर एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

स्वच्छ, घासूनपुसून घेतलेली रशियन ऐकायची असेल तर स्मोक्तुनोव्स्कीचा १९६४चा 'हॅम्लेट' आहेच, जरूर बघा. पण तशी रशियन तुमच्याशी भाजीवाली बोलणार नाही, शेजारी बोलणार नाही. माणूस ओशाळला, अडखळला, काहीतरी लपवायला लागला की भाषेचं काय होतं ते लिओनोवकडे ऐकायला मिळतं. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द या एकाच गोष्टीवर उभी आहे. त्याच्याइतकं सुंदर ओशाळणं मी दुसऱ्या कुठल्या नटात पाहिलेलं नाही.

जन्म १९२६चा, मॉस्कोचा. वडील विमानाच्या कारखान्यात. युद्ध सुरू झालं तेव्हा पोरगा शाळकरी वयाचा. तोही कारखान्यात लेथवर उमेदवारी करायला लागला. पुढे तांत्रिक शिक्षण अर्ध्यावर सोडून नाट्यशाळेत गेला आणि १९४८मध्ये स्तानिस्लाव्स्की थिएटरमध्ये लागला. लागला म्हणजे काय, गर्दीत उभा राहिला. कित्येक वर्षं ट्रे घेऊन येणं, दार उघडणं, चार शब्द बोलून आत जाणं. मग मिखाईल यान्शिनने बुल्गाकोवचं 'तुर्बिन कुटुंबाचे दिवस' बसवलं आणि त्याला लारिओसिकची भूमिका दिली. हे देणं साधं नव्हतं. १९२६मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने हे नाटक पहिल्यांदा केलं तेव्हाचा गाजलेला लारिओसिक म्हणजे स्वतः यान्शिनच. आपलीच भूमिका शिष्याच्या हाती द्यायची आणि समोर बसून बघायची, हे किती नटांना जमेल?

लारिओसिक कोण? यादवी युद्ध पेटलेलं असताना झितोमिरहून कीएवच्या नातेवाइकांकडे येऊन टपकलेला पाहुणा. आल्या आल्या घरातली जेवणाची उंची भांडी फोडतो. बाहेर सत्ता उलथतायत आणि याला बशांची लाज वाटतेय. लिओनोव पुढे आयुष्यभर जे करत राहिला ते सगळं मला या एका प्रसंगात दिसतं.

प्रसिद्धी मात्र वाघांमुळे मिळाली. १९६१च्या 'पट्टेरी सफर'मध्ये तो वाघांना माणसाळवणारा असल्याची थाप मारून जहाजावर चढतो. त्यात तो साबण लावून टबात बसलाय आणि वाघ येतो असं दृश्य आहे. चित्रीकरणात मध्ये काच असेल असं त्याला सांगितलं होतं आणि ऐन वेळी ती काढून घेतली, असा किस्सा सांगतात. टबातून उडी मारून तो जो पळतो त्यात अभिनय किती, हे तुम्हीच ठरवा. देश हसला आणि त्याच्यावर विनोदी नटाचा शिक्का बसला.

तो शिक्का पुसला 'पट्टेरी सफर'च्याच दिग्दर्शकाने, व्लादिमीर फेतिनने. १९६४च्या 'दोनची गोष्ट'मध्ये (दोन म्हणजे डॉन नदी) त्याने लिओनोवला शिबालोक केलं, लाल सैन्यातला मशीनगन चालवणारा कसाक. शोलोखोवच्या कथेवरचा हा सिनेमा. ज्या बाईवर जीव जडला ती शत्रूच्या टोळीची हेर निघते. बाळंतपण झाल्यावर ती हे कबूल करते आणि तो तिला गोळी घालतो. मग ते तान्हं पोर उचलून निघतो. तोच बटाट्यासारखा चेहरा, पण हसू येत नाही. आधी त्याने हसवलेलं असतं म्हणूनच ते जास्त लागतं, असं मला वाटतं. विद्यार्थ्यांना हा सिनेमा मी पहिल्या वर्षी दाखवत नाही.

पहिल्या वर्षी दाखवते 'नशीबवान सभ्य गृहस्थ', १९७१चा. सोव्हिएत चित्रपटगृहांत साडेसहा कोटी प्रेक्षकांनी पाहिलेला. यात लिओनोवच्या दोन भूमिका आहेत: दोत्सेंत नावाचा क्रूर दरोडेखोर आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा बालवाडीचा प्रमुख त्रोश्किन. पोरं लापशी खात नाहीत. त्रोश्किन सांगतो, रॉकेट निघालंय, जेवणाच्या वेळेपर्यंत पृथ्वीवर परतणार नाही, पोटभर खाऊन घ्या. पोरं चाटूनपुसून खातात. पोलीस याच माणसाला दोत्सेंत बनवून टोळीत पाठवतात. मग या सद्गृहस्थाला चोरांची भाषा पाठ करावी लागते. वाईट माणसाला म्हणायचं 'रेदिस्का', म्हणजे छोटा लाल मुळा. ही शिवी रशियन बोलण्यात अजून टिकून आहे, आणि माझ्या वर्गातही. गृहपाठ न करणारा मुळा. धमक्या देताना त्रोश्किनचे डोळे बघा. तोंडाने डोळे फोडायची भाषा आणि डोळ्यांत बालवाडीतला सर.

व्याकरणासाठी 'शरद मॅरेथॉन', १९७९. गिओर्गी दानेलियाचा. दानेलिया लिओनोवला शुभशकुन मानायचा आणि १९६५पासून त्याला एकामागून एका सिनेमात घेत गेला. इथे तो खारितोनोव, व्होडकाची बाटली घेऊन दारात उभा राहणारा शेजारी. नायक लेनिनग्राडमधला अनुवादक, पाहुणा रशियन शिकणारा डॅनिश प्राध्यापक, आणि दोघांच्या मध्ये बसून खारितोनोव ठणकावतो: 'तोस्तुयुश्ची' पूर्ण प्याला रिकामा करतो, आणि 'तोस्तुयेमी'सुद्धा. पहिला म्हणजे शुभेच्छेचा प्याला उचलणारा, दुसरा ज्याच्यासाठी तो उचलला जातो तो. कर्तरी आणि कर्मणी वर्तमान धातुसाधित एका घोटात! संस्कृत झालेल्यांना 'पूज्यमान' आठवेल. मराठीत मात्र दुसऱ्यासाठी अख्खं वाक्य खर्ची घालावं लागतं. फळ्यावर तक्ते काढून मी थकले होते. हे दृश्य दाखवल्यापासून त्या धड्यात कुणी नापास झालेलं नाही.

'किन-दझा-दझा' (१९८६) मात्र जपून बघा. त्यात परग्रहावर लिओनोव आणि युरी याकोव्लेव गालांवर चापट्या मारून गुडघे वाकवतात आणि जवळजवळ सगळ्यासाठी एकच शब्द वापरतात: 'कू'. तेवढंच शिकून वर्गात येणारे दरवर्षी दोन तरी निघतात.

आणि विनी-पुख, म्हणजे कार्टूनमधला रशियन विनी-द-पू. त्याला आवाज लिओनोवचा. मी स्वतः पुण्यात रशियन शिकत होते तेव्हा त्या अस्वलाच्या आवाजाची नक्कल करून उच्चार बसवायला गेले. बाई हसून हसून बेजार. दिग्दर्शक फ्योदोर खित्रुकने लिओनोवचा आवाज मुद्दाम सुमारे ३० टक्के जलद केला होता, हे मला फार नंतर कळलं. मी माणसाची नव्हे, यंत्राची नक्कल करत होते.

हे झालं पडद्यावरचं. तो स्वतःला रंगभूमीचाच माणूस समजायचा असं मला वाटतं, नाहीतर एवढी लोकप्रियता मिळाल्यावर रोज संध्याकाळी नाटकाला कोण जातं? मधली काही वर्षं मायाकोव्स्की थिएटरमध्ये काढून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो दिग्दर्शक मार्क झाखारोवच्या लेनकोम थिएटरमध्ये आला. तिथे चेखवचा इवानोव केला. या भूमिकेत देखणा, खिन्न बुद्धिजीवी बघायची लोकांना सवय. लिओनोवचा इवानोव म्हणजे थकलेला, कर्जात बुडालेला, कुणालाही ओळखीचा वाटेल असा माणूस.

१९८८मध्ये लेनकोमचा दौरा जर्मनीत असताना हॅम्बुर्गला त्याचं हृदय बंद पडलं. कित्येक दिवस बेशुद्धीत, मग शस्त्रक्रिया. कुणीही घरी बसलं असतं. पुढच्या वर्षी तो ग्रिगोरी गोरिनच्या 'स्मरणप्रार्थना' या नाटकात तेव्ये दूधवाला म्हणून उभा राहिला. यिद्दिश लेखक शोलेम अलेइखेमच्या कथांमधला तेव्ये: मुलींची लग्नं, मेलेली गाय, घर सोडून जायचा हुकूम, आणि मध्ये मध्ये देवाशी हुज्जत. ती हुज्जतही लिओनोव जरा ओशाळूनच घालायचा, देवाचा वेळ खातोय म्हणून.

२९ जानेवारी १९९४. संध्याकाळी तेव्येचा प्रयोग. प्रयोगाला निघायची तयारी करत असतानाच तो घरी कोसळला आणि गेला. थिएटरात जमलेल्या प्रेक्षकांना सांगितलं गेलं की नटाच्या निधनामुळे आजचा प्रयोग होणार नाही. लोक घरी गेले नाहीत. कुणीतरी मेणबत्त्या आणल्या आणि नाटक संपायची वेळ होईपर्यंत ते हातात मेणबत्त्या घेऊन तिथेच उभे राहिले, असं मॉस्कोवाले सांगतात.

रशियनमध्ये 'स्दात' असं एक क्रियापद आहे. परीक्षा पास होणं, शहर शत्रूच्या हवाली करणं, आणि खिडकीवर तिकीट परत करून पैसे घेणं, तिन्हीला तेच. ते शिकवताना मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: 'निक्तो ने स्दाल बिलेत'. कुणीही तिकीट परत केलं नाही.