लाँग व्हार्फवरची कॉफी

शुक्रवार, रात्री साडेदहा

ऑफिसात आज पुन्हा तेच. सोन्यामागे धावणारे बुडाले, फावडी विकणारे तरले. इथे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, तंत्रज्ञानाची नवी लाट आली की १८४९ च्या सोन्याच्या धामधुमीवरचं हे वाक्य कोणीतरी फेकतंच. मी हं हं केलं आणि जेवायला कॅलिफोर्निया स्ट्रीटवरच्या टॅडिच ग्रिल या जुन्या रेस्टॉरंटमध्ये गेलो.

१८४९ साली निकोला बुद्रोविच, फ्रानो कोस्टा आणि अँटोनियो गास्पारिच या तीन क्रोएशियन माणसांनी सॅन फ्रान्सिस्को बंदरातल्या लाँग व्हार्फ या धक्क्यावर कॉफीचं दुकान मांडलं. टॅडिचचं मूळ ते. फावडीवाल्या गोष्टीत हे तिघे इतके चपखल बसतात की मला तिचाच संशय येतो. टिकलेला माणूस मागाहून हुशारच दिसतो.

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलोमाला सोनं सापडलं तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत जेमतेम हजारभर माणसं होती, १८४९ सरता सरता पंचवीसेक हजार. जहाज लागलं की खलाशीच डोंगराकडे पसार. बेवारस जहाजं बंदरात शेकड्यांनी पडून होती. काहींची गोदामं झाली. ‘नियांटिक’ हे जहाज तर भर वस्तीत अडकून दुकान बनलं. अशा धक्क्यावर, महिनोन्‌महिने समुद्रात काढलेल्या माणसाला आधी काय हवं असणार? गरम काहीतरी. कॉफीला भांडवल थोडं, इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, गिऱ्हाईक बोटीतून आयतं उतरतं. दूरदृष्टी वगैरे असेलही, पण पोटाची निकड जास्त असावी.

आणि जोखीम काय कमी होती? डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या काळात शहराला सहा मोठ्या आगी लागल्या. लाकूड आणि कापडाचंच शहर ते! खाणीकडे वळावं तर १८५० मध्ये परदेशी खाणकऱ्यांवर महिना २० डॉलर कर बसला.

दाल्मेशिया, म्हणजे क्रोएशियाची किनारपट्टी, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात, म्हणून कागदोपत्री ही मंडळी ऑस्ट्रियन. १८५७ मध्ये या किनाऱ्यावरच्या लोकांनी इथे आपली परस्पर-साहाय्य संस्था काढली. गिरणगावातल्या आपल्या ग्रामस्थ मंडळांसारखीच म्हणा ना. परमुलखात आजारी पडलं तर बघणार कोण, हा प्रश्न सोन्याच्या भावापेक्षा मोठा.

पाटीवर ज्याचं नाव आहे तो जॉन टॅडिच तर आला १८७१ मध्ये, सोन्याची धामधूम ओसरल्यावर. आधी याच धंद्यात नोकर, मग १८८७ मध्ये मालक. १९२८ पासून बुइच कुटुंब चालवतंय, तेही क्रोएशियनच. पांढऱ्या कोटातले वाढपी, लांबच लांब लाकडी काउंटर, कोळशावर भाजलेले मासे. चिओपिनो, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यातले मासे-शिंपले, मागवलंत तर रस्सा पुसायला जास्तीचा पाव आधीच सांगून ठेवा. दोन तुकड्यांत भागत नाही.