आधी पाय आत, मग गाडी
आज दिवसभर एका नव्या मुलाला स्टँड-अप फोर्कलिफ्ट, म्हणजे उभं राहून चालवायची माल उचलायची गाडी, शिकवत होतो. हात छान बसलाय त्याचा, पण वळताना एक पाय सारखा बाहेर डोकावत होता. दरवेळी गाडी थांबवायला लावली. ऑपरेटर उभा, मागची बाजू उघडी. रिव्हर्समध्ये रॅकचा खांब आला की बाहेरचा पाय मधे सापडतो. गाडीचं वजन टनांत, तिथे सेफ्टी शूज काय करणार!

पेडलवरून पाय काढला की ब्रेक लागतो, हे त्याला लगेच कळलं. फोर्क, म्हणजे माल उचलायचे पुढचे काटे, जमिनीपासून 10-15 सेंटिमीटरवर ठेवून चालवणंही जमलं. खरा वेळ गेला तो गाडी कलंडली तर काय करायचं यावर. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये सीटबेल्ट लावून, स्टिअरिंग घट्ट धरून आतच राहायचं असतं. मागून चढायच्या स्टँड-अपमध्ये मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं आणि गाडीपासून लांब व्हायचं. त्याने आजवर बसायचीच गाडी चालवलेली, म्हणून हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. सुपरवायझरला घाई होती, मला नव्हती.

उद्या माल उचलायचाय. आधी कपॅसिटी प्लेट, म्हणजे गाडी किती वजन उचलू शकते ते सांगणारी पाटी, वाचायला लावणार, मगच चावी देणार.