लेक एवढी उंच कशी?

"टीचर, तुम्ही एवढ्याशा, लेक मात्र उंच. कुणावर गेली हो?" अंगणवाडीत पोराला वजनाला आणणाऱ्या आया हे हमखास विचारतात. पोटातला प्रश्न निराळाच असतो: आम्ही दोघं बुटके, रक्तच तसं, मग पोर बुटकंच राहणार ना? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

माझी उंची चार फूट नऊ इंच. जन्म १९७३चा. मी पोटात असताना आई मंगळवेढ्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या मुलखात तेव्हा ज्वारी नव्हती. कामावर सुकडी, म्हणजे वाटपाचा कोरडा पौष्टिक खाऊ, आणि रेशनचा लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेलं ज्वारीसारखं लाल धान्य. मी जन्मले ती "मुठीएवढी", असं आई सांगायची. माझा बुटकेपणा रक्तातून किती आला आणि त्या खडीच्या ढिगाऱ्यावरून किती, हे वेगळं काढता येत नाही. मुलीची सगळी स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे माझी लेक ज्या बीजातून झाली, तेही तिथेच, त्या उपाशी पोटात घडलं. तरी ती पाच फूट दोन इंच झाली. माझ्या गरोदरपणात सासूबाईंनी मला जड कामाला हात लावू दिला नाही, रोज अंडं, डाळ, शेंगदाण्याची चटणी. ते ऋण मी विसरणार नाही.

रक्ताचा वाटा मोठाच असतो. उंचीवर परिणाम करणारे बारा हजारांहून जास्त बारीक जनुकीय फरक २०२२ साली नोंदले गेले. पण सगळ्यांची ताटं सारखी भरलेली असतील, तिथेच माणसामाणसांतला फरक बहुतेक रक्ताचा उरतो. ताटं कमीजास्त झाली की ताटाचा वाटा वाढतो. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली, त्यात आपल्या दिल्लीचीही, अंगावर पिणारी आणि नीट सांभाळलेली मुलं मोजली गेली. पाच वर्षांपर्यंत ती जवळजवळ सारखीच वाढली. भिंतीवरचा आपला वाढीचा तक्ता त्यावरूनच केलेला आहे.

आता आपल्या गल्लीचं. इथे गरोदर बाई नवव्या महिन्यापर्यंत मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळते. "मी तंबाखू खात नाही, टीचर." खरंय, पण निकोटीन कातडीतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, बाळाकडे जाणारं रक्त घटतं. वळणं सोडा, असं मी म्हणू शकत नाही. आठवड्याची मजुरी त्यावर आहे. पण हात साबणाने धुऊनच बाळाला पाजा, आणि सूप पाळण्यापासून लांब ठेवा, एवढं मी प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगते.

दुसरं म्हणजे पाणी. नळ रोज येत नाही, पाणी पिंपात साठतं, आणि पोराला हगवण लागते. सारखी हगवण लागली की खाल्लेलं अंगी लागत नाही. पहिल्या वर्षी मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२. याच दोन वर्षांत वाढ अडली, तर पुढे ती भरून काढणं फार अवघड जातं. म्हणून प्यायचं पाणी उकळून घ्या, पोर दीड वर्षाचं असलं तरी.

शुक्रवारी वजनाचा दिवस आहे. दोन वर्षांच्या आतलं पोर आपण आडवं झोपवून मोजतो. ते रडेल, गुडघे दुमडेल. धरायला तुम्ही स्वतः या, आजीला पाठवू नका.