खंडूचे झाले रवंडू

माझ्या मावसभावाने लंडनला घर घेतलं आणि बसल्या बसल्या 1921 च्या जनगणनेत बघून सांगितलं की त्या घरात तेव्हा कोण राहायचं, नवरा काय काम करायचा, पोरं किती. तिकडे शंभर वर्षं झाली की कुटुंबांचे फॉर्म खुले करतात, अमेरिकेत तर 72 वर्षांनीच. आपल्याकडे ते विसरा, 1948 च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय, आपल्या हातात फक्त एकूण आकडे येतात.

मग आपण कुठे शोधायचं? तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. शिवाय शाळेचं जनरल रजिस्टर, आणि नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समिती नेमली तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली बासनं सुटली, स्कॅन झाले, बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढले. त्या राजकारणावर मला इथे काही बोलायचं नाही, पण आमच्यासारख्या घराणं शोधत बसणाऱ्यांना लॉटरीच लागली.

आमच्या घरात एक माणूस गायब होता. पणजोबांचे थोरले भाऊ खंडू. आत्या म्हणायची, "मुंबईला गिरणीत गेला तो गेलाच, ना टपाल ना मनीऑर्डर." तेवढीच माहिती.

स्कॅनबरोबर टाइप केलेली यादी पण होती, तिच्यात खंडू शोधला, शून्य. आधी तर कंट्रोल एफ चालेचना कारण पीडीएफ जुन्या फॉन्टमधली, युनिकोड नाही, दिसायला मराठी पण कॉम्प्युटरच्या लेखी नुसती एबीसीडी. मग डोळ्यांनी वाचत बसलो. खंडू नाही, खंडु नाही, खंडेराव नाही. आडनावाने शोधायचा प्रश्नच नाही कारण तेव्हा आडनाव लिहायचेच नाहीत, अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच (खानदेश-मराठवाड्याकडे बिन ऐवजी वलद), आणि बायकांना कोम, म्हणजे अमक्याची बायको. आता टाइप करणाऱ्या पोराला हे कुठून माहीत असणार, त्याने "रामा बिन हरी"चा "रामबीन हरी" केला आणि पुढच्या पानावर "रामबेन", म्हणजे आमचे पणजोबा थेट गुजराती बाई झाले.

त्याला तरी काय बोलणार म्हणा. जुनी पुस्तकं मोडी लिपीत, मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि खाली अक्षरं लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. कुठे नाव संपलं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. 1917 मध्ये मुंबई सरकारने कारभाराला मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, घ्यायचं ठरवलं म्हणून आमच्या गावचं त्यानंतरचं पुस्तक बाळबोधीत आहे, तरी हाल तेच.

शेवटी नावाचा नाद सोडला आणि बापाचं नाव धरलं. हरी जिथे जिथे दिसेल ती प्रत्येक ओळ मूळ स्कॅनमध्ये उघडून बघायची. टाइप केलेली यादी फक्त पान नंबरापुरती, बाकी भरवसा शून्य, हे मी आता सगळ्यांना सांगत असतो. असं करत करत 1918 च्या ऑक्टोबरला आलो. ती पानं बघवत नाहीत. इन्फ्लुएंझाची साथ, पण पुस्तकात कारणाच्या रकान्यात फक्त ताप, खाली " , " , " अशा खुणा पानाच्या तळापर्यंत. आणि यादीत तिथे एक नाव होतं, "रवंडू बिन हरी". स्कॅन मोठा करून बघितला, जुन्या वळणाचा ख, र आणि व सुटे सुटे काढलेले. खंडू! वय 27. तीन ओळी खाली यादीत "सखूकोम", स्कॅनमध्ये स्वच्छ "सखू कोम खंडू". सखू हे त्यांच्या बायकोचं नाव आत्याला पाठ होतं, लग्नातल्या कसल्याशा मानपानाच्या भांडणामुळे.

म्हणजे दोघंही गावातच, एकाच आठवड्यात गेले.

आत्याला फोन केला. थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "मग मुंबईला कोण गेलं रे?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परत जन्माच्या नोंदी काढल्या. तिथे बाळाचं नाव नसतंच, बारशाच्या आधीच नोंद व्हायची, नुसतं "हरी बिन अमुक यास मुलगा". घरात आम्ही ऐकलेले भाऊ तीन. नोंदी चार आहेत. दुसरा हरी असेल म्हणावं तर चारही ठिकाणी हरीच्या बापाचं नाव तेच. चौथ्याची मृत्यूची नोंद अजून तरी कुठे दिसली नाही, पण त्याचं नावच माहीत नाही तर ती ओळखणार कशी? आता शाळेचं जनरल रजिस्टर बघायचंय, त्याला शाळेत घातला असला तर बापासकट नाव मिळेल. नसला घातला तर मुंबईच्या बाजूने शोधावं लागेल, आणि तिथे सुरुवात कुठून करायची हेच मला कळत नाहीये.