कंडेन्सर आला, गाडी तरी बंदच

आमच्या गाडीचा कंडेन्सर 41 दिवस कस्टममध्ये पडून होता. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतली, अंगठ्याएवढी वस्तू. त्या 41 दिवसांची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणाचे तेवढे दिवस यातून वाचले तर उत्तमच.

गाडी 1930 ची फोर्ड मॉडेल ए. कॅनडात बनलेली, उजव्या स्टीअरिंगची. आजोबांनी घेतलेली. ठाण्यात चरईतल्या वाड्यात उभी असायची, वाडा पडला तेव्हा घोडबंदर रोडला माझ्या सोसायटीत आली. पार्किंगवरून काय महाभारत झालं ते पुन्हा कधीतरी. ज्या कागदपत्रांची सगळ्यांनी भीती घातली होती ते काम मात्र बिनबोभाट झालं. 2021 च्या नियमांत 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज धरतात. नव्याने नोंदवायची तर 20,000 रुपये आणि नंबरात ‘व्हीए’. आमची आधीच नोंदलेली, त्यामुळे जुना नंबर राहिला. रोज फिरवायला मनाई. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते.

दुरुस्तीसाठीच ती जास्त येते, हे वेगळं सांगायला नको.

दुखणं असं होतं. थंड गाडी पहिल्या फटक्यात सुरू. वीस मिनिटं शिलाई मशीनसारखी चालायची. मग माजिवड्याच्या आसपास एक उचकी, दुसरी उचकी, की ठप्प. बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहायचं, मागचे रिक्षावाले काय म्हणतात ते ऐकायचं, आणि मग ही बया जणू काही झालंच नाही अशी सुरू. घराजवळच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, “साहेब, फ्युएल पंप गेलाय.” या गाडीला पंपच नाही. टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या मागे, आपल्या गुडघ्यांच्या वर असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. (म्हणून गाडी उभी केली की पेट्रोलची तोटी बंद करायचीच. कार्ब्युरेटर गळला तर रात्रभरात टाकी जमिनीवर.)

बाकी सगळ्या जाणकारांचं एकमत: कंडेन्सर. निदान तसं वाजवी होतं. पॉइंट म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन ठिपके; ते उघडतात तेव्हा तिथे ठिणगी उडून वीज वाया जाऊ नये, कॉइलचा, म्हणजे वीज वाढवणाऱ्या वेटोळ्याचा, झटका जोरात बसावा, हे कंडेन्सरचं काम. या गाडीत तो इंजिनाच्या डोक्यावर, प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला चिकटून बसलेला, म्हणजे उकाड्यातच. तापला की मरतो, निवला की जगतो. लक्षणं तंतोतंत जुळत होती. मी अमेरिकेतून मागवला.

पार्सल आठ दिवसांत मुंबईला पोचलं. तिथून ठाणे लोकलने तासाभराचं. आधी आधार मागितलं, दिलं. पॅन मागितलं, दिलं. मग कुरियर कंपनीच्या वेबसाइटवर एक फॉर्म आला: सुटा भाग ज्या वाहनासाठी आहे त्याचा चेसिस नंबर लिहा. रकाना 17 अक्षरांचा. एकही कमी चालत नाही. 17 अक्षरी नंबर अमेरिकेत सक्तीचा झाला 1981 मध्ये. माझ्या गाडीच्या इंजिनावर ठोकलेला नंबर जेमतेम आठ अक्षरांचा. तो टाकला की लाल अक्षरांत ‘अवैध’. फोन केला. मुलीने शांतपणे विचारलं, “सर, आरसीवर बघितलंत का?” आरसीवर तोच नंबर आहे हो ताई. “मग सर, कंपनीला विचारा.” म्हणजे फोर्डला. 1930 बद्दल.

दहाव्या दिवशी मी पुढे नऊ शून्यं घातली. फॉर्म गेला! त्या रात्री मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोने श्रीखंड आणलं. सतराव्या दिवशी ई-मेल: दिलेल्या नंबराचं वाहन सापडत नाही. पुन्हा फोन, पुन्हा नवीन मुलगी, पुन्हा पहिल्यापासून. मी आरसीची प्रत, गाडीचा फोटो, इंजिनावरच्या नंबराचा फोटो आणि शेवटी गाडीशेजारी उभ्या असलेल्या माझा फोटो पाठवला. उत्तर आलं, वापरलेल्या वस्तूंना वेगळी परवानगी लागते. वस्तू नवी आहे! गाडी जुनी आहे! हे वाक्य मी चार वेळा लिहिलं, दोनदा मराठीत.

शेवटी स्वतः गेलो. 29 वा दिवस. एका खिडकीवर दोन तास, दुसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. तिसऱ्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी बिल बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “पद्मिनीचा का नाही लावलात?”

मला ब्रह्मांड आठवलं. कारण खरंच आहे ते. पॉइंटवर चालणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरांत फार फरक नसतो, साधारण पाव मायक्रोफॅरड क्षमतेचा कुठलाही चालतो. आकार जुळला नाही तर बाहेर पट्टीने कसायचा. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे चहा-वड्याच्या पैशांत मिळाला असता आणि तासाभरात कळलं असतं की दोष कंडेन्सरचा आहे की नाही. त्या गृहस्थांनी कागद पुढे सरकवले, तरी आणखी बारा दिवस लागले.

कंडेन्सर आला. पंधरा मिनिटांत बसवला. गाडी सुरू केली, निघालो, आणि माजिवड्याला बंद पडली. त्याच खांबाजवळ.

त्या दिवशी टो करून वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. “काका, बंद पडली त्या क्षणी पेट्रोलची धार बघितली होती का?” नव्हती. अर्ध्या तासाने बघितली होती, आणि तेव्हा धार ठणठणीत. हीच माझी चूक. आधी स्पार्क बघायचा, मग पेट्रोल, कधीच उलट नाही; आणि बघणाऱ्या गर्दीतल्या सिगरेटवाल्याला हाकलायचं. स्पार्क निळा, दणदणीत असेल तर इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा, सोडून द्या. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा प्लग काढून खाली डबा धरा. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. स्पार्क छान. धार आधी पेन्सिलीएवढी, मग सुतळीएवढी, मग थेंब.

टाकीच्या तोंडाशी काहीतरी येऊन बसत होतं. इंजिन बंद झालं, ओढ थांबली, की ते तरंगत बाजूला जायचं. त्यात अर्धा तास जायचा, आणि आम्ही समजायचो गाडी निवली!

टाकी रिकामी करून पेट्रोलचं गेज काढलं. गेजच्या दांडीला बुचाचा तरंगता गोळा असतो. आमचा गोळा अर्धा उरला होता, कुरतडलेल्या भाकरीसारखा. बाकीचा भुगा टाकीत. गोळ्यावर लाखेचा थर असतो तो कुठे गेला, हे मला घरी दरवाजांना पॉलिश करणाऱ्या सुताराने सांगितलं, तेही नकळत. तो चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवत बसला होता. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. वर्षानुवर्षं टिकलेली लाख आम्हीच टाकीत घातलेल्या पेट्रोलने धुऊन काढली होती.

विसरायच्या आधी: या गाडीची बॅटरी 6 व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. मदतीला आलेला माणूस 12 व्होल्टची केबल घेऊन धावला तर त्याचा हात धरा. हँडल मारायच्या आधी स्टीअरिंगजवळची स्पार्कची दांडी पूर्ण वर, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. आणि महिनाभर गाडी काढणार नसाल तर पेट्रोल भरून ठेवू नका.

नवं बूच मी अमेरिकेतून मागवलं नाही. शेजाऱ्यांकडे नाशिकच्या वाइनची बाटली होती, त्यांनी ती आनंदाने संपवली. बूच कापलं, फेविक्विकचे चार हात दिले, सुकवलं आणि दांडीला बसवलं. माजिवडा आता ओलांडतो, परवा कापूरबावडीहून तलावपाळीपर्यंत जाऊन आलो. फक्त नवा गोळा जरा मोठा झालाय, त्यामुळे गेज टाकी असेल त्यापेक्षा भरलेली दाखवतं. टाकीत बांबूची काडी घालून मोजतो.