काळा स्लॅब, गुलाबी स्लॅब

आग विझते, बंब निघून जातात आणि दुसऱ्या दिवशी मला, म्हणजे जळलेल्या इमारती तपासणाऱ्या इंजिनीअरला, फोन येतो, "मॅडम, बिल्डिंग पाडा लागन का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

छत काळंकुट्ट दिसलं की माणूस हबकतो. मला काळ्या भागाची तेवढी धास्ती नसते. काजळी टिकली म्हणजे तिथे धग कमी होती. फार तापलेल्या जागी काजळीच जळून जाते आणि काँक्रीट उघडं, स्वच्छ दिसतं. छिन्नी मी तिथे लावते. साधारण ३०० अंशांच्या पुढे काँक्रीटला गुलाबी छटा येते, ६०० च्या वर ते पांढुरकं राखाडी होतं. गुलाबी रंग जितका खोल गेला, तितकं काँक्रीट मी ताकदीच्या हिशेबातून वगळते. आपल्याकडच्या काळ्या गिट्टीत तो नीट उमटत नाही, गिट्टीच्या मधल्या रेती-सिमेंटमध्ये शोधावा लागतो. त्यासाठी दिवसाचा उजेडच हवा.

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या गोदामात मी गेले, तेव्हा मालकांनी साफसफाईला माणसं लावली होती. मी आधी ती थांबवली. वरच्या फळीवर चौकीदाराच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याचा गोळा झाला होता, शेजारचा तांब्याचा गडू मात्र शाबूत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. त्या कोपऱ्यात आग किती चढली होती, ते या दोन भांड्यांनी सांगितलं. ढिगारा उचलला असता तर ही साक्ष कचऱ्यात गेली असती.

खरा प्रश्न असतो तो आतल्या लोखंडाचा. काँक्रीट उष्णता सावकाश आत जाऊ देतं, म्हणून सळईचा जीव तिच्याखालच्या कव्हरवर, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटच्या थरावर, अवलंबून असतो. साडेपाचशे-सहाशे अंशांना सळईची जवळपास निम्मी ताकद जाते. थंड झाल्यावर ती बरीचशी परत येते, पण टीएमटी सळईचं (गरम असतानाच पाण्याने झटकन थंड केलेल्या सळईचं) कडक बाहेरचं कवच फार तापलं तर कायमचं मऊ पडू शकतं. म्हणून सळईचे तुकडे कापून प्रयोगशाळेत ओढून बघावेच लागतात.

आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक दोन तासांच्या आगीसाठी स्लॅबला १२५ मिलिमीटर जाडी मागतं. कव्हर अनेक आधारांवरून सलग गेलेल्या स्लॅबला २५, नुसत्या दोन भिंतींवर टेकलेल्याला ३५. कागदावर हे सगळेच लिहितात. साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी (सळई साच्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्याऐवजी) गिट्टीचा तुकडा सरकवला जातो, ओतकामाच्या वेळी जाळीवर पाय पडतात, तुकडा निसटतो आणि सळई सेंट्रिंगच्या पाटीला टेकते. वर गिलावा केला की कुणाला दिसत नाही. आग लागल्यावर मात्र पहिल्यांदा तीच सळई उघडी पडते. याचा मला मनापासून राग येतो, कारण ब्लॉक महाग नसतात.

आणखी एक, आणि हे लोकांना सहसा ठाऊक नसतं. आग विझली म्हणून काँक्रीटचं बिघडणं थांबत नाही. तापताना त्यातल्या चुन्याचं पाणी उडून जातं. नंतर तो हवेतली ओल, बंबाचं पाणी शोषून फुगतो आणि पुढच्या काही दिवसांत नव्या भेगा पडतात. म्हणून "काल तर उभा होता" या भरवशावर खाली माल लावू नका. आधी बल्ल्यांचे टेकू द्या, मग तपासणी.

त्या गोदामाची इमारत पाडावी लागली नाही. कोपऱ्यातले दोन स्लॅब तोडले, एका बीमला जॅकेट, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचा थर, घातलं, बाकीचं कोअर (काँक्रीटचे गोल नमुने) काढून तपासलं आणि ठेवलं. नवे स्लॅब ओतायच्या सकाळी मी सातलाच पोचले आणि काँक्रीटची गाडी यायच्या आत जाळीखाली हात घालून एकेक ब्लॉक चाचपला. सात बदलून घेतले.